रात्री उघडणाऱ्या खिडक्या

माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या विद्युत विभागात गेली. त्यामुळे कुठलीही सरकारी इमारत दिसली की नजर आधी एसीच्या बाहेर टांगलेल्या डब्यांकडे जाते. मेलबर्नला लेकीकडे गेलो असताना लिटल कॉलिन्स स्ट्रीटवर तिथल्या महापालिकेची दहा मजली कचेरी पाहिली. डबा एकही नाही, आणि खिडक्या मात्र वरच्या मजल्यांवर अरुंद, खाली येऊ तशा रुंद. कंत्राटदाराची चूक म्हणावी, तर इतकी शिस्तीत कोण करेल?

इमारतीचं नाव कौन्सिल हाउस टू. २००६ साली ती सुरू झाली. हरित आराखड्यासाठी सहा तारे मिळवणारी ऑस्ट्रेलियातली ही पहिलीच. महापालिकेच्या वास्तुरचनाकारांबरोबर तिच्यावर काम केलं झिम्बाब्वेच्या मिक पिअर्स यांनी. हरारेमध्ये वारुळाचा अभ्यास करून ज्यांनी ईस्टगेट हे संकुल उभारलं, तेच हे.

खिडक्यांचं गणित असं. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं. म्हणून उत्तरेच्या भिंतीवर गडद रंगाचे उभे मार्ग केलेत. ते तापतात, आतली शिळी हवा हलकी होऊन वर चढते आणि छपरावरून बाहेर पडते. दक्षिणेच्या भिंतीवर फिकट रंगाचे मार्ग आहेत. त्यांतून छपरावरची ताजी हवा खाली उतरते. बाहेर जाणारी हवा मजल्यामजल्यावर भर पडत वाढते, आत येणारी वाटत वाटत कमी होते. म्हणजे दोन्हीकडे मार्ग वरच रुंद हवेत, आणि त्यांच्यामधल्या खिडक्या तिथे अरुंद. खालच्या मजल्यांवर उजेड कमी पोचतो, नेमक्या तिथे त्या मोठ्या. नकाशावर हे सुचायला डोकं लागतं.

पश्चिमेला जुन्या लाकडाच्या फळ्या आहेत, त्या उन्हाप्रमाणे फिरतात.

पण मला सगळ्यात आवडलं ते रात्रीचं काम. मेलबर्नचा उन्हाळा दिवसा चाळिशी गाठतो, पण रात्री बहुधा गार असतात. कचेरी रिकामी झाली, बाहेर पुरेसं गार झालं, की खिडक्या आपोआप उघडतात. गार हवा काँक्रीटच्या कमानदार छताखालून वाहते आणि स्लॅब थंड करून जाते. दिवसा तोच स्लॅब माणसांची नि संगणकांची उष्णता शोषतो. जोडीला छतालगतच्या पट्ट्यांतून गार पाणी फिरतं. ते पाणी तळघरातल्या टाक्यांमध्ये पुन्हा गार होतं. टाक्यांत स्टीलचे गोळे आहेत, आत सुमारे १५ अंशांना गोठणारं रसायन. ते वितळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं.

दुसरी एक गोष्ट आमच्याकडच्या वाळ्याच्या कूलरची भावकी आहे. दक्षिणेच्या अंगाला १३ मीटर उंचीच्या पाच नळ्या आहेत. त्यांतून पाण्याचे थेंब पडतात, सोबतची हवा गार होऊन खालच्या दुकानांत जाते.

नंतरच्या पाहणीत कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता १०.९ टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं गेलं. आता, तू किती काम करतोस हे कारकुनालाच विचारल्यावर तो कमी कशाला सांगेल? मी त्या आकड्यावर फार विसंबणार नाही. मात्र तीच हवा पुन्हा पुन्हा न फिरवता पूर्ण ताजी हवा दिली, तर दुपारची पेंग कमी होते, एवढं मी मान्य करतो. आमच्या नव्या इमारतीत समोर अखंड काच होती, खिडकी एकही उघडत नसे. मार्च उजाडला की विजेचं बिल पाहून लेखापाल माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा.

हे जसंच्या तसं आपल्याकडे आणलं तर फसेल. मुंबईत रात्रीही दमट उकाडा, तिथे पाण्याच्या नळ्या काय करणार? विदर्भात कोरड्या उन्हाळ्यात त्या दिवसा चालतील, पण मे महिन्यातल्या रात्री स्लॅब थंड होण्याइतक्या उतरत नाहीत. नाशिक-पुण्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या रात्री मात्र उत्तम. फक्त खिडक्या रात्रभर उघड्या ठेवायच्या तर निविदेत डासांच्या आणि कबुतरांच्या जाळीची रक्कम आधी धरा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्या खिळे ठोकून बंद करून टाकील.