श्वानदंश : पहिली पंधरा मिनिटे आणि पुढचे अठ्ठावीस दिवस

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला वसलेला नरखेड तालुका संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. एका बाजूस वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरुडचा बागायती पट्टा, तर दुसऱ्या बाजूस मध्य प्रदेशातील पांढुर्ण्याची सीमा. बागांची राखण, दारचा गोठा, आठवडी बाजार आणि रेल्वे स्थानकाचा परिसर या सर्व ठिकाणी कुत्रा हा माणसाचा जुना सोबती आहे. या सोबतीत मुलांचा वाटा मोठा असतो. मूल कुत्र्याच्या पिलाशी खेळते, त्याला भाकरीचा तुकडा घालते, क्वचित त्याची शेपटीही ओढते. श्वानदंशाचे प्रसंग मुलांच्या बाबतीत अधिक घडतात, याचे कारण येथेच आहे.

मुलाला कुत्रा चावला की घरात रडारड होते, कुत्र्याच्या मालकाशी भांडण होते, औषधोपचाराविषयी दहा जण दहा सल्ले देतात. या गोंधळात जो वेळ जातो, तोच वेळ सर्वांत मोलाचा असतो. अलर्क रोग, म्हणजेच रेबीज किंवा जलसंत्रास, एकदा प्रकट झाला की त्यातून रोगी वाचत नाही, असेच म्हणावे लागते. याच रोगाची दुसरी बाजू अशी की, चावल्यानंतर वेळीच व पूर्ण उपचार घेतले तर तो जवळजवळ निश्चितपणे टाळता येतो. मृत्यू आणि जीवन यांच्यामध्ये येथे काही थोड्या, साध्या आणि सर्वांच्या आवाक्यातील गोष्टी उभ्या आहेत. त्या गोष्टी कोणत्या, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

रोग जुना, उपाय तुलनेने नवा

पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा हा रोग आपल्याकडे प्राचीन काळापासून परिचित आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात त्याचे वर्णन असून, रोग्यास पाण्याची भीती वाटू लागली की तो असाध्य समजावा, असे त्यात म्हटले आहे. या रोगावरील प्रतिबंधाची वाट मात्र १८८५ साली सापडली, आणि तीही एका मुलाच्या निमित्ताने. आल्सास प्रांतातील जोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा ४ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याच्या हल्ल्यात जखमी झाला. त्याच्या आईने त्याला पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे नेले. ६ जुलै रोजी त्याला पहिली लस टोचण्यात आली, त्यानंतरच्या दिवसांत मिळून एकूण १३ वेळा लस दिली गेली, आणि मुलगा वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, हा आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि पुढे तेथेच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची पद्धत विकसित केली. 'पोटात चौदा इंजेक्शने' ही जी धास्ती जुन्या पिढीच्या मनात आहे, ती याच लसीची. तिचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाले. आज दिली जाणारी लस पेशी-संवर्धनातून तयार होते. ती दंडात अथवा लहान मुलांच्या मांडीत दिली जाते. म्हणून पोटातील इंजेक्शनांच्या भीतीने मुलाला दवाखान्यात नेण्याचे टाळण्यास आता काहीही कारण उरलेले नाही.

पहिली पंधरा मिनिटे

रेबीजचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतात. ते रक्तातून पसरत नाहीत. जखमेजवळच्या स्नायूंत काही काळ राहून ते मज्जातंतूंत शिरतात आणि त्या वाटेने सावकाश मेंदूकडे सरकतात. विषाणू मज्जातंतूंत शिरण्यापूर्वीच त्यांचा नाश करणे हे उपचाराचे सर्व मर्म आहे. विषाणूवर एक स्निग्ध आवरण असते व साबणाने ते विरघळते. यास्तव चावा बसताच जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली, अगर लोट्याने पाण्याची धार धरून, साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. साबण अंगाचा असो वा कपड्यांचा, त्याने अडत नाही. शेतात असल्यास विहिरीच्या किंवा मोटारपंपाच्या पाण्याने धुवावे. पंधरा मिनिटे ही वाटते त्याहून बरीच लांब असतात, म्हणून घड्याळ पाहणे इष्ट. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक उपलब्ध असल्यास लावावे.

जखमेवर मिरची, चुना, हळद, तेल, तंबाखू, माती किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये. अशा पदार्थांनी जखम चिडते आणि विषाणू आत खोलवर जाण्यास मदत होते. जखम घट्ट बांधू नये. टाके घालण्याची घाईही करू नये. ते आवश्यकच असतील तर प्रतिद्रव्य टोचल्यानंतर डॉक्टर ते घालतात. मंत्र-तंत्र, गंडेदोरे यांत गेलेला दिवस परत मिळत नाही. पुष्कळदा असेही दिसते की, मंत्राने मूल 'बरे झाले' म्हणतात ते मुळात पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे नसतेच. सर्वच चावणारे कुत्रे रोगी नसतात. तथापि कोणता कुत्रा रोगी होता, हे पहिल्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही.

जखमेचे तीन वर्ग

जखम धुतल्यानंतर मुलाला त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. तेथे डॉक्टर दंशाचा वर्ग ठरवितात. कुत्र्याने केवळ अखंड त्वचा चाटली असेल तर तो पहिला वर्ग. यात धुण्यापलीकडे उपचार लागत नाही. रक्त न येता दात लागला असेल किंवा नखांचा बारीक ओरखडा असेल तर तो दुसरा वर्ग. यात लस आवश्यक. रक्त आले असेल, त्वचा फाटली असेल, अथवा लाळ उघड्या जखमेस किंवा डोळे-तोंडाच्या नाजूक त्वचेस लागली असेल तर तो तिसरा वर्ग. यात लसीबरोबर तयार प्रतिद्रव्य, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, देणे अनिवार्य आहे.

प्रतिद्रव्याचे महत्त्व पालकांस सहसा ठाऊक नसते. लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करते. पण त्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मधल्या काळात जखमेतील विषाणूंना तेथेच अडविण्याचे काम हे तयार प्रतिद्रव्य करते. म्हणून ते जखमेतच व तिच्या भोवती टोचले जाते. त्याची मात्रा वजनावर ठरते : मानवी प्रतिद्रव्य किलोमागे २० एकक, तर घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले किलोमागे ४० एकक. १५ किलो वजनाच्या मुलास ही मात्रा अनुक्रमे ३०० व ६०० एकक अशी येते. पहिल्या लसीच्या दिवशीच ते द्यावयाचे असते. काही कारणाने राहिले तर पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर त्याचा उपयोग नाही. एखाद्या केंद्रात ते उपलब्ध नसेल तर लसीची पहिली मात्रा तेथेच घेऊन, चिठ्ठीसह मोठ्या रुग्णालयात त्वरित जावे. नरखेडहून नागपूर सुमारे ८५ किलोमीटर आहे. हा प्रवास दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुलाची उंची कमी असल्यामुळे चावा चेहरा, मान, डोके यांवर बसण्याचा संभव अधिक असतो. या भागांपासून मेंदू जवळ, त्यामुळे रोग लवकर प्रकट होऊ शकतो. रोग प्रकट होण्याचा काळ सर्वसाधारणपणे एक ते तीन महिने असला, तरी तो याहून कमी किंवा वर्षाहून अधिकही असू शकतो. म्हणूनच उशीर झाला तरी 'आता काय उपयोग' असे न म्हणता उपचार सुरू करावा.

पुढचे अठ्ठावीस दिवस

लस दोन प्रकारे दिली जाते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी, आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी अल्प मात्रा देतात. स्नायूंत देण्याच्या पद्धतीत १४ वा दिवस धरून एकूण पाच मात्रा होतात. पहिल्या मात्रेचा दिवस 'शून्य' धरावयाचा असतो. महिन्याच्या १ तारखेस पहिली मात्रा घेतली, तर पुढील तारखा ४, ८ व २९ अशा येतात. पाच मात्रांच्या पद्धतीत १५ तारीखही. या तारखा कार्डावर लिहून घेऊन घरातील दिनदर्शिकेवर खूण करावी. शासकीय आरोग्य संस्थांतून ही लस विनामूल्य दिली जाते.

खरी अडचण येथेच उद्भवते. जखम आठवड्याभरात भरते, मूल पुन्हा खेळू लागते, आणि बागेत तोडीचे दिवस असले तर एका दिवसाची मजुरी सोडून दवाखान्यात जाणे आई-बापास जड जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत केलेल्या पाहणीनुसार देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजमुळे सुमारे ५,७०० मृत्यू होतात. कुत्रा चावलेल्यांपैकी साधारण एक-पंचमांश लोकांनी लस घेतलीच नव्हती, आणि ज्यांनी सुरुवात केली त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती पूर्ण केली नव्हती. भरलेली जखम म्हणजे टळलेला धोका नव्हे, हे गावातील आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका व अंगणवाडी सेविका यांनी घरोघर पटवून देण्याची गरज या आकड्यांवरून स्पष्ट होते. एखाद्या मुलाचा लसीचा दिवस शाळेतील शिक्षकांच्या वहीत नोंदलेला असेल तरी मोठे काम होते.

कुत्र्यावर लक्ष

चावलेला कुत्रा मारून टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. ती गैर तर आहेच, शिवाय मुलाच्या दृष्टीने तोट्याची आहे. कुत्रा जिवंत असल्यास त्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येते. रोगी कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांपूर्वी काही दिवस उतरतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो थोड्याच दिवसांत मरतो. दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे मानता येते व पुढील मात्रांविषयी डॉक्टर त्याप्रमाणे निर्णय घेतात. मात्र हे निरीक्षण उपचार सुरू करूनच करावयाचे असते; दहा दिवस वाट पाहून उपचार सुरू करावयाचा नसतो.

पिसाळलेला कुत्रा प्रत्येक वेळी चवताळून धावतोच असे नाही. काही कुत्रे मूकपणे कोपऱ्यात बसतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. 'बिचाऱ्याच्या घशात हाड अडकले' असे समजून त्याच्या तोंडात हात घालणे अत्यंत घातक. लहान पिलूही रोगी असू शकते. गाय किंवा म्हैस चावली गेल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात तिलाही लस द्यावी लागते.

गावाची जबाबदारी

नरखेडला लागून असलेल्या काटोल शहरात २०२२ साली भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात पाच वर्षांच्या एका बालकाचा मृत्यू झाला. कुत्र्यांचा प्रश्न केवळ रोगापुरता मर्यादित नाही, हे या घटनेने दाखविले. कुत्र्यांच्या संततिनियमनासंबंधी २००१ चे नियम जाऊन २०२३ चे नवे नियम आले असून, त्यांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. पाळीव कुत्र्यास तिसऱ्या महिन्यापासून लस देणे व ती नियमाने चालू ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आपल्या प्राण्यापासून इतरांस इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये दंडनीय अपराध आहे.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे २०१३ पासून शासन व स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने कुत्र्यांचे व्यापक लसीकरण आणि शाळांतून प्रबोधन हाती घेण्यात आले; २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असा जगभरचा अनुभव आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत कुत्र्यांद्वारे होणाऱ्या रेबीजचे निर्मूलन हे आहे. नरखेडसारख्या सीमावर्ती तालुक्यात, जेथे कुत्रा सकाळी एका राज्यात तर सायंकाळी दुसऱ्या राज्यात असू शकतो, तेथे नदीच्या दोन्ही तीरांवर आणि सीमेच्या दोन्ही बाजूंस हे काम एकाच वेळी होणे अगत्याचे ठरते.

मुलाशी बोलावे

या सर्वांपेक्षा एक साधी गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. मार बसेल किंवा इंजेक्शन घ्यावे लागेल या भीतीने मुले लहानसा चावा वा ओरखडा लपवितात. आईला तो दिसतो तेव्हा खपली धरलेली असते. म्हणून घरात आणि शाळेत मुलांना हे सांगून ठेवावे की, कुत्रा, मांजर किंवा माकड चावले, ओरबाडले, तर लगेच सांगायचे. कोणी रागावणार नाही. जेवत असलेल्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळ बसलेल्या कुत्र्याच्या वाटेस जायचे नाही. कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, स्थिर उभे राहायचे. पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन मान व कान हातांनी झाकायचे.

मुलाने निर्भयपणे सांगितले, घरच्यांनी पंधरा मिनिटे जखम धुतली, त्याच दिवशी दवाखाना गाठला आणि कार्डावरील शेवटच्या तारखेपर्यंत लस पूर्ण केली, तर या रोगास घरात शिरण्याची वाट सहसा उरत नाही. साबणाची एक वडी आणि चार-पाच तारखांची आठवण, एवढ्यावर एका मुलाचे आयुष्य अवलंबून असते, ही जाणीव प्रत्येक कुटुंबात रुजणे आवश्यक आहे.