बिल्यर्ड्‌झ अजिंक्यपद, जागतिक व्यावसायिक

बिल्यर्ड्‌झ अजिंक्यपद, जागतिक व्यावसायिक : सहा पिशव्या असलेल्या टेबलावर तीन चेंडूंनी खेळल्या जाणाऱ्या इंग्लिश बिल्यर्ड्‌झमधील सर्वोच्च व्यावसायिक किताब. या खेळात लाल चेंडू पिशवीत घातल्यास तीन, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू घातल्यास दोन आणि आपल्या चेंडूने अन्य दोन्ही चेंडूंना स्पर्श केल्यास (कॅनन) दोन गुण मिळतात. आपला चेंडू दुसऱ्या चेंडूवर आदळून पिशवीत गेला, तरीही गुण मिळतात. गुण मिळत राहतील तोवर खेळाडूची पाळी चालू राहते. अशा अखंड पाळीस ‘ब्रेक’ म्हणतात. एकाच फटक्यावर प्रभुत्व मिळवून ब्रेक लांबवत नेणारे खेळाडू आणि त्यांना आवर घालणारे नियम यांच्या संघर्षातून या किताबाचा इतिहास घडला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉनथन केंटफील्ड आणि १८४९ पासून थोरला जॉन रॉबर्ट्‌स हे आव्हान देणारा कोणी नसल्याने विजेते मानले जात. किताबासाठी पहिली लढत ११ फेब्रुवारी १८७० रोजी लंडन येथे झाली. तीत विल्यम कुकने १,२०० गुणांच्या सामन्यात रॉबर्ट्‌सचा ११७ गुणांनी पराभव केला. ठराविक ठिकाणी ठेवलेला लाल चेंडू वारंवार पिशवीत घालण्याच्या तंत्रास आळा बसावा, म्हणून या लढतीसाठी मुद्दाम अरुंद पिशव्यांचे टेबल वापरण्यात आले. त्याच वर्षी धाकट्या जॉन रॉबर्ट्‌सने (१८४७–१९१९) कुककडून किताब जिंकला. पुढे भारताच्या दौऱ्यांत त्याचा जयपूर दरबाराशी संबंध आला. भारतात हा खेळ प्रथम संस्थानिकांचे राजवाडे, लष्करी छावण्या आणि शहरांतील क्लब यांपुरता मर्यादित होता.

तंत्रावरील प्रभुत्वाची परिसीमा ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने (१८९८–१९६०) गाठली. जवळजवळ ठेवलेल्या चेंडूंवर हळुवार कॅननची मालिका रचून त्याने १९३२ मध्ये ४,१३७ गुणांचा ब्रेक केला. अशा मालिकांना पायबंद घालण्यासाठी नवे नियम करावे लागले. परंतु प्रतिस्पर्धी तासन्‌तास खुर्चीत बसून राहतो, असा सामना पाहण्यास प्रेक्षक उत्सुक राहिले नाहीत आणि ते स्नूकरकडे वळले. लिंड्रमने १९३३ व १९३४ मध्ये किताब जिंकला. त्यानंतर १९५१ पर्यंत एकही लढत झाली नाही. त्या वर्षी न्यूझीलंडच्या क्लार्क मकॉनकीने मिळवलेला किताब १९६८ मध्ये रेक्स विल्यम्सने जिंकेपर्यंत त्याच्याकडेच राहिला. किताबधारकास आव्हान देण्याची पद्धत अशी निष्फळ ठरल्याने १९८० पासून अनेक खेळाडूंच्या स्पर्धेतून विजेता निवडण्यात येऊ लागला.

या बदलामुळे भारतीयांना वाव मिळाला. त्याची पूर्वतयारी हौशी खेळाडूंनी केली होती. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांनी १९५८ मध्ये कलकत्ता येथे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले व १९६४ मध्ये ते पुन्हा जिंकले. मुंबईचे मायकेल फरेरा हे १९७७, १९८१ व १९८३ या वर्षी जागतिक हौशी विजेते ठरले. व्यावसायिक किताब भारतात आणला, तो अहमदाबादमध्ये वाढलेल्या गीत सेठी यांनी. १९९२ मध्ये मुंबई येथे भरलेल्या स्पर्धेत इंग्लंडच्या माइक रसेलला हरवून ते विजेते झाले. सलग पॉटवर बंधन घालणाऱ्या नियमाखाली याच स्पर्धेत त्यांनी १,२७६ गुणांचा विक्रमी ब्रेक केला. १९९३, १९९५, १९९८ आणि २००६ या वर्षीही त्यांनी हा किताब मिळवला. १९९५ मधील अंतिम सामन्यात त्यांचे प्रतिस्पर्धी देवेंद्र जोशी हेही भारतीयच होते. पुण्यात जन्मलेल्या व बंगलोरमध्ये खेळाचे धडे घेतलेल्या पंकज अडवाणी यांनी २००९ मध्ये लीड्‌स येथे रसेलवर मात करून हा किताब जिंकला.

इंग्लंडमध्ये या खेळाचा प्रेक्षक ओसरला असता भारतातील क्लब, प्रायोजक व खेळाडू यांनी त्यास आधार दिला. मात्र मोठ्या आकाराचे, पाटीच्या दगडाचे टेबल आणि त्याची देखभाल खर्चिक असल्याने हा खेळ मुख्यतः शहरांतील क्लबपुरताच राहिला. लहान गावांतील होतकरू खेळाडूंना सरावाची साधने कशी उपलब्ध होणार, या प्रश्नावर त्याचा पुढील प्रसार अवलंबून आहे.