कळतं, पण वळत का नाही?

ग्रामसभेला जायला हवं, हे होटगीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दरमहा थोडे पैसे बाजूला टाकावेत, रक्तदाबाची गोळी चुकवू नये, पोलीस भरतीच्या अभ्यासाला पहाटे बसावं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ही कामं राहून जातात. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव म्हणजे रेल्वेचं जुनं जंक्शन. मुंबई-चेन्नई मार्गावरून विजयपूर-गदगकडे जाणारा फाटा इथून निघतो. कुणी शेतात राबतं, कुणी रोज सोलापूरला कामाला जातं. अशा धावपळीत गावाचं काम की घरचं, असा प्रश्न आला की घरचं जिंकतं, अशी आपली समजूत असते. माणूस निर्णय कसा घेतो याचा अभ्यास करणारं शास्त्र मात्र वेगळंच सांगतं. स्वतःचं ध्येय आणि गावाचं कर्तव्य, दोघांनाही हरवणारी गोष्ट एकच आहे: ‘आज नको, पुढं बघू.’ आणि तिच्यावरचा उपायही दोघांना सारखाच लागू पडतो.

एका मताचा हिशेब

अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकानं १९५७ साली एक साधा हिशेब मांडला. मत द्यायला जाण्याचा खर्च नक्की असतो: वेळ जातो, कधी मजुरी बुडते. फायदा मात्र माझ्या एकट्याच्या मतानं निकाल फिरला तरच. लाखो मतदारांत ही शक्यता जवळपास शून्य. निव्वळ नफा-तोटा पाहिला तर कुणीच घराबाहेर पडू नये. प्रत्यक्षात मात्र कोट्यवधी लोक रांगेत उभे राहतात. हे कोडं सोडवताना विल्यम रायकर आणि पीटर ऑर्डेशूक यांनी १९६८ साली त्या समीकरणात आणखी एक पद घातलं: कर्तव्य केल्याचं समाधान. माणूस फक्त फायद्यासाठी वागत नाही, हे गणितालाही मान्य करावं लागलं.

गावात तर मूळ हिशेबच पालटतो, कारण मतदार थोडे असतात. ग्रामपंचायतीच्या प्रभागात समसमान मतं पडून चिठ्ठी काढावी लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागातही तेच झालं. २००८ साली राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी विधानसभेची निवडणूक एका मतानं हरले.

ग्रामसभेत एका हाताची किंमत आणखी वाढते. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं पुरतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं. घरकुलाची यादी, रस्ता, पाण्याची टाकी, सगळं मग जमलेल्या थोड्यांच्या हाती जातं. जो आला नाही त्यानंही एका परीनं निर्णय दिलेलाच असतो.

शेजारी करतो का, हे आपण पाहतो

‘मी एकट्यानं करून काय होणार?’ हा प्रश्न स्वार्थी वाटतो, पण त्यामागे बहुतेक वेळा फसवलं जाण्याची भीती असते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामायिक निधीत कोण किती पैसे घालतो, हे त्यांनी तपासलं. सुमारे निम्मे लोक ‘बाकीचे घालतील तर मीही घालीन’ या वृत्तीचे निघाले. फुकटचा फायदा घेणारे होते साधारण एक तृतीयांश. म्हणजे काठावरची माणसं सर्वांत जास्त. आजूबाजूला काय दिसतं, त्यावर ती कोणत्या बाजूला झुकणार हे ठरतं.

म्हणूनच ‘आपल्या गावात कुणीच येत नाही’ हे वाक्य घातक आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडासाठी प्रसिद्ध असलेलं एक राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक त्या लाकडाचे तुकडे उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथं वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेलं’ अशी खंत व्यक्त करणाऱ्या पाटीपाशी चोरीचं प्रमाण जवळपास ८ टक्के झालं. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढंच सांगणाऱ्या पाटीपाशी ते २ टक्क्यांच्याही आत राहिलं. गैरहजेरीचं रडगाणं गायलं की गैरहजेरीच रीत वाटू लागते.

कातळाखालचं सामायिक खातं

हीच गोष्ट पाण्याची. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कातळ आहे. तो वाळूसारखं पाणी साठवत नाही; झिजलेला मुरूम आणि कातळातल्या भेगा, एवढीच त्याची साठवण. एकाच भेगेवर दोन शेजाऱ्यांची बोअर असली की एकाच्या उपशानं दुसऱ्याची आटते. दोघंही मग आणखी खोल जातात, दोघंही कर्जात जातात. पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली म्हटलं होतं की सामायिक साधनाचा असा नाश अटळच असतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी मात्र जगभरच्या गावांतली उदाहरणं गोळा करून दाखवलं, की लोकांनी स्वतः नियम केले, स्वतः नजर ठेवली आणि नियम मोडणाऱ्याला हलका पण नक्की दंड लावला, तर साधन टिकतं. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

महाराष्ट्राला हे नवं नाही. धुळे-नाशिक भागातली सामूहिक सिंचनाची फड पद्धत शतकानुशतकं याच तत्त्वावर चालली. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या संख्येनुसार वाटलं. हिवरे बाजार गावात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पिकं त्यावर ठरतात.

बचत गटाचं शास्त्र

हेच तंत्र वैयक्तिक ध्येयाला कसं लागू पडतं, हे पाहायला महिला बचत गटाच्या बैठकीत बसावं. तारीख आणि वेळ पक्की. दहा ते वीस जणी सतरंजीवर गोल बसतात. नाव पुकारलं की बाई पैसे पुढं ठेवते, वहीत नोंद होते, सही होते. हप्ता चुकला तर सगळ्यांसमोर कारण सांगायचं आणि दंड भरायचा. दंडाची रक्कमही याच जणींनी ठरवलेली. बचत प्रत्येकीची स्वतःची असते, पण ती होते चारचौघींच्या नजरेसमोर. एकटीनं डब्यात टाकलेले पैसे सणाला संपतात, गटातले टिकतात. ग्रामीण बचत गट उभारणाऱ्या ‘उमेद’ अभियानाची पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, हे वर्तनशास्त्राचं उत्तम पाठ्यपुस्तक आहे.

ठरलेल्या वेळेचं बळ प्रयोगांनीही दाखवलं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं म्हणणं असं, की ‘मी करीन’ हा संकल्प कच्चा. ‘अमुक वाजता, अमुक ठिकाणी करीन’ हा पक्का. २००८ साली पेनसिल्व्हानियात काही मतदारांना फोनवर तीन प्रश्न विचारले गेले: किती वाजता मत द्यायला जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असणार? ज्या घरात एकच मतदार होता, तिथं या प्रश्नांनी मतदान सुमारे ९ टक्क्यांच्या फरकानं वाढलं. अनेक मतदारांच्या घरांत परिणाम दिसला नाही. तिथं घरातल्या बोलण्यातच बेत आधी ठरलेला असावा, असं संशोधकांनी सुचवलं.

ग्रामपंचायतींना म्हणून एक विनंती आहे. सभेला किती जण आले नाहीत हे सांगत बसू नका. आले त्यांचा आकडा फलकावर लिहा. मागच्या सभेतल्या ठरावांचं काय झालं, तेही शेजारी लिहा. वाचकांना सांगणं एवढंच: एक काम स्वतःचं आणि एक गावाचं निवडा. दोन्हींपुढं वार, वेळ आणि जागा लिहा, आणि ते कुणाला तरी सांगून ठेवा. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की ‘येणार का?’ असं शेजाऱ्याला विचारू नका. ‘किती वाजता निघायचं?’ असं विचारा.