बर्फावरची गाडी थंडीत चालू का होत नाही? (बाष्पीभवन आणि ज्वलन यांचं एक वेगळं उदाहरण)



बाष्पीभवन आणि ज्वलन हे दोन घटक आपण प्राथमिक वर्गांत वेगवेगळे शिकवतो. ओले कपडे वाळले की बाष्पीभवन, मेणबत्ती पेटली की ज्वलन. हे दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच क्षणी कुठे भेटतात असं एखाद्या चौकस मुलाने विचारलं, तर आजचं उदाहरण जरूर सांगा. उदाहरण लांबचं आहे, कॅनडाच्या बर्फातलं. पण त्यातलं इंजिन आपल्या ओळखीचं आहे. ज्यांच्या घरी चेतक स्कूटर होती त्यांना तर वाचता वाचता किक आठवेल!

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची स्कूटर. पुढे चाकांऐवजी दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, वर सीट आणि हँडल. रेस देण्यासाठी मूठ पिळायची नसते, अंगठ्याने एक खटका दाबायचा असतो. गुलमर्गला फिरून आलेल्या मुलांनी ही गाडी पाहिलेली असते. तिथे ती मौजेची वस्तू आहे. कॅनडात, अलास्कात, फिनलंडच्या उत्तर भागात ती कामाची गाडी आहे. रस्ते बर्फाखाली गेले की शिकार, मासेमारी, रेनडिअरचे कळप राखणं, शेजारच्या गावी जाणं, सगळं हिच्यावर.

ही गाडी कुणाच्या डोक्यातून आली तेही मुलांना सांगण्यासारखं आहे. क्युबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावात जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए नावाचा मेकॅनिक राहायचा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही आणि मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्याचे प्रयोग आधीपासून चालू होते, ते पुढेही चालू राहिले. १९३७ मध्ये त्याने सात माणसं बसतील अशी बर्फगाडी आणली आणि १९५९ मध्ये एक-दोन माणसांची छोटी 'स्की-डू'. आजची स्नोमोबाइल याच घराण्यातली.

आता विचार करा. उणे ३० अंश तापमान, गोठलेलं तळं, जवळ वस्ती नाही. माणूस दोरी ओढतोय आणि इंजिन चालू होत नाही. (हो, जुन्या आणि हलक्या गाड्यांना दोरीच असते, आपल्याकडच्या ग्रास कटरसारखी.) पाच वेळा, दहा वेळा, वीस वेळा. अंगाला घाम येतो आणि तो घाम थंडीत कपड्यांना ओलावा देतो, हे आणखी वाईट. यातली बरीच इंजिनं बिघडलेली नसतात. त्यांच्यात पेट्रोल कमी नसतं, उलट जास्त झालेलं असतं. आपले मेकॅनिक याला 'ओव्हरफ्लो झाली' किंवा 'प्लग ओला झाला' म्हणतात.

जास्त पेट्रोल असून पेटत का नाही?

इथे चूल आठवा. चुलीत लाकडं कोंबली की जाळ वाढत नाही, धूर होतो. लाकूड भरपूर, हवेला वाट नाही. मग आजी दोन लाकडं मागे ओढायची आणि फुंकणी घ्यायची. इंजिनाचंही तसंच, पण एक गोष्ट वेगळी.

द्रवरूप पेट्रोल पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ, आणि तीसुद्धा हवेत ठराविक प्रमाणात मिसळलेली असेल तरच. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ठिणगी पडूनही काही होत नाही. साधारण ७.६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरीही काही होत नाही. म्हणजे पेटायची खिडकी फार अरुंद आहे. वजनात बोलायचं तर एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. मुलांना हा आकडा सांगा, त्यांचे डोळे विस्फारतात. गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण वजनाने बघितलं तर ती जास्त करून हवा खाते.

आता थंडी. उन्हाळ्यात दोरीवर टाकलेला पंचा तासाभरात वाळतो, श्रावणात दोन दिवस लटकतो. श्रावणात दमट हवेचं कारण असतं, पण तापमानाचाही नियम तोच: गार असेल तर बाष्पीभवन हळू. उणे ३० अंशांत पेट्रोलमधला फक्त हलका भाग उडून वाफ होतो. बाकीचं पेट्रोल थेंबाच्या रूपातच राहतं, इंजिनाच्या गार भिंतींवर चिकटून बसतं. शिवाय गार हवा दाट असते. उणे ३० अंशांची हवा अधिक ३० अंशांच्या हवेपेक्षा तेवढ्याच जागेत सुमारे २५ टक्के जास्त मावते. हवा जास्त आणि वाफ कमी, मग पेटणार कसं?

यावर उपाय म्हणजे चोक. वाफ कमी होते ना, मग पेट्रोलच जास्त सोडा, म्हणजे त्यातला थोडा भाग उडाला तरी पुरेशी वाफ मिळेल. विचार बरोबर आहे. पण जे उडत नाही ते जातं कुठे? ते आतच साचतं. गार इंजिन चालू करायला लागणारा उपायच इंजिन ओलं करतो, हीच यातली गंमत आणि हाच त्रास.

चोकबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. अनेक स्नोमोबाइलच्या कार्बोरेटरमध्ये ज्याला चोक म्हणतात तो खरा चोक नसतो. खरा चोक हवेची वाट अडवतो. इथे जास्तीचं पेट्रोल देणारी एक वेगळी बारीक वाट उघडते आणि ती वाट इंजिनाच्या ओढीवर काम करते. ती ओढ तयार व्हायला रेसचा खटका पूर्ण सुटलेला हवा. लोक मात्र सवयीने चोकही उघडतात आणि रेसही दाबतात. मग ओढ जाते, चोक नीट काम करत नाही, इंजिन उचलत नाही, आणि दोरी ओढणं चालूच राहतं.

ओव्हरफ्लो होण्याचं आणखी एक कारण इतकं साधं आहे की हसू येईल. इंजिन बंद करायचा लाल खटका 'बंद'वरच राहिलेला असतो, किंवा चालकाच्या जॅकेटला अडकवायची सुरक्षा दोरी गाडीला लावलेलीच नसते. मग ठिणगी पडतच नाही, पण प्रत्येक ओढीला पेट्रोल आत येत राहतं. पंधरा ओढी झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं. खटका चालू करतात, पण तोवर प्लग भिजलेला असतो.

भिजलेल्या प्लगचं काय होतं? प्लगच्या टोकाशी दोन धातूंमध्ये एक बारीक फट असते. तिथून हजारो व्होल्टची ठिणगी उडी मारते. त्या फटीत आणि पांढऱ्या चिनी मातीवर पेट्रोल आणि काजळीचा ओला थर बसला की विजेला सोपी वाट मिळते. ती उडी मारायची सोडून थरावरून निसटून जाते. टू-स्ट्रोक इंजिनात तर पेट्रोलबरोबर ऑइलही असतं. (जुन्या गाड्यांत ४० किंवा ५० भाग पेट्रोलला एक भाग ऑइल असं मिसळून टाकीतच घालायचे.) पेट्रोल उशिरा का होईना उडतं, ऑइल तिथेच राहतं.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे दोरी ओढणं थांबवायचं. आपला स्वभाव असा की चालू होत नाही म्हणून आणखी जोर लावायचा. इथे प्रत्येक ओढ म्हणजे आणखी एक घोट पेट्रोल. लाल खटका आणि सुरक्षा दोरी बघायची. मग चोक पूर्ण बंद करायचा, ब्रेक लावून ठेवायचा, रेसचा खटका शेवटपर्यंत दाबून धरायचा आणि आठ-दहा वेळा दोरी ओढायची. इथे रेस पेट्रोलसाठी दाबत नाहीत, हवेसाठी दाबतात. हवेची वाट पूर्ण उघडते, जास्तीच्या पेट्रोलची ओढ संपते आणि आत साचलेलं हळूहळू बाहेर जातं. हीच फुंकणी! इंजिन उचललं की अंगठा त्याच क्षणी सोडायचा. ही गाडी वाढत्या फेऱ्यांवर आपोआप क्लच पकडते, त्यामुळे पूर्ण रेसवर सुरू झाली तर चालकाला घेऊन उडी मारेल. म्हणूनच पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही. पेट्रोल इंजेक्शनच्या अनेक नव्या गाड्यांत हीच युक्ती संगणकात भरलेली असते: रेस पूर्ण दाबून स्टार्ट केलं की तो पेट्रोल सोडणंच बंद करतो.

एवढ्याने झालं नाही तर प्लग काढायचा. तो कोरडा निघाला तर ओव्हरफ्लोचा संशय सोडा, पेट्रोल पोचतच नाहीये. टाकीतलं थोडंसं पाणी नळीत गोठलं की असं होतं. ओला निघाला तर पेट्रोलचा कॉक बंद, लाल खटका बंद, आणि प्लग बाहेर असतानाच दोरी ओढायची. हे शेवटचं काम लोक टाळतात आणि तिथेच फसतात. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आधी पिस्टनखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये जातं, मग वर येतं. तिथे साचलेलं काढलं नाही, तर पुसून बसवलेला प्लग दोन ओढींत पुन्हा भिजतो. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, म्हणून तोंड बाजूला ठेवायचं आणि आसपास विडी-काडी अजिबात नको. ठिणगीची वायरही भोकापासून दूर हवी.

मग कोरडा प्लग बसवायचा, शक्यतो नवा. जाणते चालक जास्तीचे प्लग आणि प्लग पाना सोबत ठेवतात, आणि प्लग जॅकेटच्या आतल्या खिशात. अंगाच्या उबेने तो गरम राहतो आणि गरम प्लगवर पेट्रोल लवकर चिकटत नाही. आपल्याकडे 'दहा मिनिटं थांब, आपोआप सुकेल' हा सल्ला चालतो. उणे ३० अंशांत तो फारसा उपयोगी नाही. पेट्रोल उडत नाही, इंजिन मात्र आणखी गार होतं.

दर वेळी ओव्हरफ्लो होत असेल तर कारण वेगळं असतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट आणि त्याची सुई असते, संडासच्या फ्लश टाकीत तरंगणारा गोळा असतो तशीच व्यवस्था. सुईखाली कचरा किंवा बर्फाचा कण अडकला की पेट्रोल थांबतच नाही. कधी चोकची केबल गोठते आणि चोक बंद केला तरी आत उघडाच राहतो. कधी हवा घेणाऱ्या तोंडात भुरभुरीत बर्फ भरतो. हे तीनही बघितल्याशिवाय नुसते प्लग बदलत राहणं म्हणजे पैसे घालवणं, असं माझं मत.

गुलमर्गचा प्रश्न जरा निराळा आहे. ते सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. सखल भागासाठी बसवलेला कार्बोरेटर तिथे हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देतो. म्हणून उंचावर कार्बोरेटरचा जेट बदलून लहान बसवावा लागतो.

आपल्या घरांशी याचा संबंध आहेच. पुण्यात बनलेली जुनी चेतक टू-स्ट्रोकच होती. आज कोकणात बागेतलं गवत काढायचा ग्रास कटर किंवा फवारणीचा पंप बहुधा दोरीवर चालू होणारा टू-स्ट्रोक असतो आणि तोही असाच ओव्हरफ्लो होतो. चोक बंद, रेस पूर्ण, मग दोरी, हा क्रम तिथेही लागू पडतो. फक्त ग्रास कटरचं पातं फिरू शकतं, म्हणून ते जमिनीला किंवा कशालाही टेकलेलं नसावं आणि मुलं लांब असावीत. प्लग पुसायचं काम गोठ्यात चुलीजवळ बसून करू नका.

वर्गात दाखवायचं असेल तर पेट्रोल आणू नका, अजिबात नाही. दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. एक कोमट पाण्याच्या भांड्यावर ठेवा, दुसरी माठातल्या पाण्याच्या भांड्यावर. दोन्हींवर हँड सॅनिटायझरचा एकेक सारखा थेंब पसरवा आणि मुलांना सेकंद मोजायला सांगा. जवळपास ज्योत नको, तोही ज्वलनशील आहे. कोमट ताटली आधी कोरडी होईल. मग गार ताटलीवर त्याच वेळी आणखी तीन थेंब टाका आणि विचारा, "आता ही लवकर वाळेल की उशिरा?" बहुतेक मुलं बरोबर उत्तर देतात. त्यावर विचारा, "मग गार इंजिनात आणखी पेट्रोल गेलं तर?"