दातांची झीज

मनुष्याच्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असे विचारले, तर पुष्कळजण हाडाचे नाव घेतात. परंतु हाडाहूनही कठीण असा पदार्थ प्रत्येकाच्या तोंडात असतो. दातावरचे शुभ्र, चकाकणारे कवच ते हेच. त्याला दंतवल्क म्हणतात. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा बनलेला असतो. मात्र त्याची जाडी अधिकांत अधिक अडीच मिलिमीटरच भरते. शिवाय ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. पण झिजून गेलेले दंतवल्क पुन्हा कधीही उगवत नाही.

दातांचा शत्रू म्हणजे कीड, असा सर्वसाधारण समज आहे. कीड जंतूंमुळे लागते. परंतु जंतूंचा काहीही संबंध नसतानाही दात झिजतात. या झिजेची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण म्हणजे दातावर दात घासणे. अन्न चावताना थोडी झीज होतेच. म्हणूनच वृद्धांचे दात आखूड व सपाट झालेले दिसतात. परंतु काही माणसे झोपेत करकरा दात खातात. त्यांची झीज फार लवकर होते, आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरे कारण म्हणजे दातावर परका पदार्थ घासणे. प्राचीन इजिप्तमध्ये दगडी जात्यातील कचकच आणि वाळवंटातील वाळू भाकरीत मिसळे. त्यामुळे तेथील लोकांचे दात पार झिजून जात. इ. स. पू. १२१३ च्या सुमारास मरण पावलेला राजा दुसरा रामसेस याचे जतन केलेले शव आजही पाहावयास मिळते. त्याचेही दात अतिशय झिजलेले आढळले. महाराष्ट्रात राखुंडी, कोळशाची पूड, विटेची पूड यांनी दात घासण्याची चाल पूर्वापार होती. अशा खरखरीत पुडीने दात स्वच्छ दिसतात खरे. पण मळाबरोबर दंतवल्कही जाते. मशेरीने तर झिजेबरोबर तंबाखूचे विषही पोटात जाते. ताठ केसांचा ब्रश आडवा धरून जोराने घासला, तर हिरडीलगत दाताला खाच पडते. दातांत खिळे धरणारा सुतार व दाताने दोरा तोडणारा शिंपी यांच्या पुढच्या दातांनाही अशाच खाचा पडतात.

तिसरे कारण आम्ल होय. लिंबू, चिंच, बाटलीबंद सोड्याची पेये यांतील आम्ल दंतवल्कातील खनिजे विरघळविते. वारंवार ओकारी होत असेल, तर जठरातील तीव्र आम्लही हेच करते. सुदैवाने तोंडातील लाळ आम्लाचा जोर कमी करते आणि मऊ पडलेल्या दंतवल्काला हळूहळू खनिजे परत देते. पण त्यासाठी तिला अवधी हवा. आंबट पदार्थ खाऊन लगेच ब्रश फिरविला, तर मऊ झालेला थर घासला जातो. म्हणून आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि सुमारे तासाभराने दात घासावेत.

दंतवल्क झिजले, की त्याखालील पिवळसर व अधिक मऊ भाग उघडा पडतो. गार पाणी पिताच दातांतून कळ उठते. येथेच मोठी फसगत होते. दात पिवळे दिसू लागले, म्हणून माणूस ते अधिक जोराने घासतो. जितके अधिक घासावे, तितके दंतवल्क कमी होते आणि दात आणखी पिवळे दिसतात. स्वच्छतेसाठी केलेला उद्योगच अशा प्रकारे नाशाला कारण होतो.

दात स्वच्छ ठेवणे म्हणजे पितळेची भांडी घासणे नव्हे. मऊ केसांचा ब्रश हलक्या हाताने दिवसातून दोन वेळा फिरविला, तर तेवढे पुरते. दात शिवशिवू लागले किंवा झोपेत दात खाण्याची सवय असल्याचे घरच्यांनी सांगितले, तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. कारण झीज थांबविता येते. झिजलेले परत आणता येत नाही.