न चिकटवता नाडी

अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांसाठी विशेष कक्ष आहे. अशा कक्षांत बाळाच्या अंगावर संवेदक चिकटवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी नाजूक, की पट्टी काढताना सोलवटते. न चिकटवता नाडी मोजता येईल?

अंधारात बॅटरीच्या काचेवर बोट ठेवून पाहा. बोट लाल दिसते, कारण हिरवा प्रकाश रक्त शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला त्वचेतले रक्त किंचित वाढते, तेवढा परतणारा हिरवा प्रकाश घटतो. डोळ्यांना न जाणवणारा हा फरक कॅमेरा टिपतो. मिनिटाला असे १२० ते १६० चढउतार मोजले, की झाली नाडी!

श्वास मात्र फसवा. श्वासमार्ग अडला तरी छाती हलत राहते आणि कॅमेऱ्याला सारे ठीक वाटते. प्राणवायूची घसरण पावलावरचा संवेदक दाखवतो. तो काढा, असे आम्ही तूर्त म्हणणार नाही.