पिल्लाआधी त्याची आई पाहा

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती जातीची. लॅब्रॅडॉर मुलांशी प्रेमळ असतो, जर्मन शेफर्ड राखणीला चांगला, पॉमेरेनियन फ्लॅटमध्ये मावतो. मग नर की मादी, रंग कोणता, किंमत किती. ते पिल्लू जन्मल्यापासून कुठं होतं, आईच्या अंगावर किती दिवस प्यालं, माणसांची त्याला सवय आहे का, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. माझ्या मते विचारपूस इथूनच सुरू व्हायला हवी. पिल्लाचे पहिले आठ आठवडे कसे गेले, यावर त्याची पुढची दहा-बारा वर्षं कशी जातील हे बरंचसं ठरतं. त्या आठवड्यांचा सगळ्यात खरा पुरावा म्हणजे त्याची आई आणि ती राहते ती जागा.

अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथल्याच एका प्रयोगाचे निष्कर्ष 1961 मध्ये प्रसिद्ध झाले. काही पिल्लं मोठ्या कुंपणाआड आईबरोबर वाढवली होती. त्यांना अन्नपाणी सगळं मिळत होतं, फक्त माणसाचा सहवास नव्हता. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी झाली आणि नंतर कितीही प्रयत्न केले तरी पुरती माणसाळली नाहीत. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लाचा मेंदू जगाची ओळख करून घेत असतो. माणसाचा हात, मिक्सरचा आवाज, लहान मुलांची धावपळ या काळात ओळखीची झाली तर पुढं त्यांची भीती सहसा राहत नाही. चावण्याचा जोर आवरायलाही पिल्लू याच दिवसांत शिकतं. भावंडाला जोरात चावलं की ते ओरडून खेळ थांबवतं, आईला दात लागले की ती उठून जाते. हे शिक्षण माणसाला तितकं चांगलं देता येत नाही.

आपल्याकडच्या बाजारात मात्र पिल्लू विकायचा ठरलेला आकडा आहे पंचेचाळीस दिवस. त्या वयात ते सर्वांत गोंडस दिसतं आणि तिथून पुढं त्याचा खाण्यापिण्याचा, लसींचा खर्च विकणाऱ्यावर पडू लागतो. लवकर आणलं तर लवकर लळा लागतो, असं गिऱ्हाइकालाही सांगितलं जातं. याला आधार नाही. इटलीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीस ते चाळीस दिवसांत आईपासून तोडलेली कुत्री आणि साठ दिवस आईजवळ राहिलेली कुत्री यांची तुलना केली. लवकर तोडलेल्यांमध्ये अति भुंकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, आवाजाला दचकणं, वस्तूंची नासधूस हे प्रकार अधिक आढळले. लळा तर कुत्र्याला मोठेपणीही लागतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली हवी, मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून वेत घ्यायचं नाही, वर्षाला एकापेक्षा जास्त वेतं नकोत आणि आयुष्यात पाचच्या वर नकोत. नियम चांगले आहेत. पण ज्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ते केले, त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. या दंडाला कुणी भीत नाही. नियम पाळले नाहीत तर पिल्लू खपत नाही, असं झालं तरच व्यापार बदलेल, आणि ते गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

म्हणून पिल्लू जिथं जन्मलं त्या जागी जा आणि आईला भावंडांसह पाहा. आई माणसाजवळ शेपटी हलवत येते की कोपऱ्यात दबून बसते? सतत वेतं काढून तिची हाडं वर आली आहेत का? पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातीत तर आईचा श्वास कान देऊन ऐकावा. 2003 च्या हच मोबाइलच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी आले, पण कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर टाकतो आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला तेच नीट जमत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत त्याचे काय हाल होतात, याचा विचार आणण्याआधी करायला हवा. आई न दाखवता गाडीतून, हमरस्त्यावर किंवा बसच्या पार्सलने पिल्लू द्यायला कुणी तयार असेल तर व्यवहार तिथंच थांबवावा. असं पिल्लू बहुधा दलालाकडून आलेलं असतं, आणि दलालाकडे ठिकठिकाणची पिल्लं एकत्र येतात. पार्व्होसारखा आजार तिथं पसरतो. लागण झाल्यावर काही दिवस पिल्लू उड्या मारत असतं आणि घरी आल्यावर रक्ताचे जुलाब सुरू होतात. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांखालची पिल्लं दुकानांतून किंवा मध्यस्थांमार्फत विकायला बंदी आहे, त्यामागे हेच कारण आहे.

यावर कुणी म्हणेल की केनेल क्लबचे कागद असले की काळजी कशाला? कागद वंशावळ सांगतात. आई कशी ठेवली जाते, तिच्या खुब्याच्या सांध्यात दोष आहे का, हे त्यावरून कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा असतो. पिंजऱ्यातलं मलूल पिल्लू पाहवत नाही, निदान त्याला तरी सोडवावं, असं वाटतं. ही करुणा खरी आहे. तरीही त्या पैशातून रिकाम्या पिंजऱ्यात पुढचं पिल्लू येतं आणि त्याची आई पुन्हा माजावर येण्याची वाट पाहिली जाते. तिथं पशुवैद्यक, प्राणीसंस्था किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार करावी. त्यातून त्या एका पिल्लाबरोबर मागच्या आईचीही सुटका होऊ शकते.

राहिलं गावठी पिल्लू. त्याची जात ठाऊक नसते, मोठेपणी ते कसं निघेल कुणास ठाऊक, ही शंका बरेचजण घेतात. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून झाला. म्हणजे जातिवंत पिल्लाबद्दलही आपल्याला वाटते तितकी खात्री नसतेच. उलट गल्लीतल्या पिल्लाची आई डोळ्यांसमोर असते आणि तिचा स्वभाव साऱ्या गल्लीला माहीत असतो. अर्थात गाड्यांची भीती आहे, आजारांची आहे. आई मेली असेल किंवा पिल्लू जखमी असेल तर वयाचा हिशेब न करता उचलावं. पण आई धडधाकट असेल तर तिला तिथंच खाऊ घालावं, आडोसा करून द्यावा, पिल्लांना रोज हाताळावं आणि आठ आठवडे झाल्यावरच घरी न्यावं. आणल्या आणल्या पशुवैद्यकाला दाखवावं, जंताचं औषध आणि लसी वेळेवर द्याव्यात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात येते. तोवर पिल्लाचा दात मुलांना लागला तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि डॉक्टरकडे जावं, पिल्लू लहान आहे म्हणून सोडून देऊ नये.

पिल्लू घरी आलं तरी त्याची आई गल्लीतच राहते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो, आणि काही महिन्यांत ती पुन्हा माजावर येते. नसबंदी झाली नाही तर वर्षभरात त्याच आडोशाला दुसरं वेत दिसेल आणि त्यातल्या बहुतेक पिल्लांना घर मिळणार नाही. पालिका आणि मुंबईतल्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्था ही शस्त्रक्रिया करतात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्यावर तिला तिच्याच जागी आणून सोडायचं असतं. पिल्लांचं दूध तुटलं की तिची नोंद करणं, तिला पकडायला ओळखीच्या माणसाने हजर राहणं आणि ती परत आली का हे पाहणं, एवढं काम पिल्लू नेणाऱ्या कुटुंबाने आपल्याकडे घ्यावं.